नाव घेऊन आभार

आमच्या ख्रिस्ती घरांत मुलाला पहिली प्रार्थना शिकवतात ती जेवणाची. धड बोलताही येत नसतं, पण ताट पुढे आलं की हात जोडायचे आणि डोळे मिटायचे, एवढं त्याला कळतं. तेच शब्द मग आयुष्यभर तोंडात राहतात. म्हणून म्हणून गुळगुळीत होतात. आमटीच्या वाफेकडे एक डोळा ठेवूनच 'आमेन' होऊन जातं. अशा पाठ झालेल्या प्रार्थनेला काय अर्थ, असं आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, तरुण मुलं विचारतात. मला मात्र ती सवय मोलाची वाटते. पाठांतर सोडलं म्हणून कुणाचं मन जास्त कृतज्ञ झालेलं मी पाहिलेलं नाही. उलट जिथे जेवणाची प्रार्थना थांबली, तिथे हळूहळू बाकीचे आभारही थांबले.

बायबलातल्या 103 व्या स्तोत्रात दावीद राजा म्हणतो, "हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर, त्याचे सर्व उपकार विसरू नकोस." तो हे दुसऱ्या कुणाला सांगत नाही, स्वतःलाच बजावतोय. जीव विसरणारच हे त्याला ठाऊक आहे. दुखणं लक्षात राहतं, देणं लक्षात राहतं, कुणी केलेला अपमान तर वर्षानुवर्षं राहतो. उपकार तेवढे निसटतात. म्हणून त्यांची आठवण मुद्दाम ठेवावी लागते, आणि आठवण ठेवायची म्हणजे एकेका उपकाराचं नाव घ्यावं लागतं. 'सगळ्याबद्दल आभार' म्हणून मोकळं होता येत नाही.

136 वं स्तोत्र उघडून बघा. 26 वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद, त्याची दया सनातन आहे. पण पालुपदाच्या आधी दर वेळी काहीतरी ठोस येतं. सूर्य येतो, चंद्र येतो, तांबडा समुद्र येतो. सीहोन आणि ओग अशी राजांची नावंसुद्धा येतात. शेवटाकडे, एवढ्या मोठमोठ्या गोष्टींनंतर, प्राणिमात्रांना मिळणारं अन्न येतं. तांबडा समुद्र दुभंगला तो एकदाच. जेवण रोजचं. स्तोत्रकर्त्याने दोन्ही एकाच यादीत बसवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला या यादीत पाणी घालावंच लागतं. इतर गावांत पाऊस किती मिलिमीटर झाला ते विचारतात. आमच्याकडे विचारतात, "उजनी प्लसमध्ये आली का?" भीमेवरचं हे धरण 1980 साली पुरं झालं. साठवण 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पण त्यातला 63 टीएमसीच्या आसपासचा भाग मृतसाठा; पाणी त्याच्या वर गेलं की प्लस, खाली की मायनस. उन्हाळ्यात पातळी त्याच्याही खाली जाते आणि मे महिन्यात सगळ्या शहराच्या तोंडी मायनसचे आकडे असतात. धरण भरतं ते आमच्या पावसाने नाही. पाऊस पडतो तिकडे भीमाशंकरला, लोणावळ्याच्या डोंगरात, आणि इंद्रायणी, मुळा-मुठा, भीमा असा वळसा घेत खाली येतो. सोलापूरचं आभाळ त्या दिवशी कोरडं ठणठणीत असू शकतं. उजनीपासून पुढे शंभरावर किलोमीटरची जलवाहिनी. आणि एवढं सगळं होऊन आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी, कधी पहाटे तर कधी रात्री अकराला, नळ खळखळतो.

तो आवाज आधी हवेचा असतो. नळ फुसफुसतो, थोडं गढूळ पाणी येतं, मग धार लागते. "पाणी आलं!" अशी एकच हाक गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. दारं उघडतात, मोटारी घरघरतात, बॅरल धुतले जातात. माझ्या शेजारच्या अक्का पद्मशाली, घरात तेलुगू बोलतात, दिवसभर सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळतात. त्यांची मोटार बिघडलेली असली की माझी नळी भिंतीवरून त्यांच्या टाकीत जाते, माझी बिघडली की त्यांची इकडे येते. टाकी भरली की अक्का म्हणतात, "सिद्धरामेश्वराची कृपा." मी म्हणते, "प्रभूचे आभार." आम्ही एकमेकींना कधी दुरुस्त केलं नाही. ज्यांच्या घरी उघडला की नळ वाहतो, त्यांच्या प्रार्थनेत पाणी क्वचितच येतं. आमच्या गल्लीत ते दर प्रार्थनेत आहे. टंचाई चांगली, असं मला मुळीच म्हणायचं नाही. रोज पाणी मिळालं पाहिजे आणि त्यासाठी भांडलंही पाहिजे. पण त्या पहाटे आम्ही जे आभार मानतो ते तोंडदेखले नसतात. हातात जड घागर असते.

आता मंडळीतली गोष्ट. आमच्याकडे उपकारस्तुतीची पाकिटं देण्याची पद्धत आहे. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलगा पास झाला, नवी गाडी आली, ऑपरेशन नीट झालं, की पाकिटात यथाशक्ती दान घालून वर निमित्त लिहायचं. रविवारी सूचनांच्या वेळी सेक्रेटरी ती निमित्तं वाचतात. ही पद्धत सुंदर आहे. एका घरचा आनंद सगळ्यांचा होतो. उपासना संपल्यावर लोक जवळ येऊन हात हातात घेतात, "जय ख्रिस्त, अभिनंदन" म्हणतात. पाकिटात पन्नास रुपये असोत की पाच हजार, निमित्त त्याच आवाजात वाचलं जातं. तो आवाज तसाच राहावा, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे सांगताना, होणारा एक प्रकार मात्र मला खटकतो. माणूस उभा राहतो आणि म्हणतो, आमच्या शेजारच्यांची काय दशा झाली बघा, पण देवाने आम्हाला राखलं. किंवा कुणी दुःखात असला की आपण त्याची समजूत घालतो, "तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत किती लोक आहेत, देवाचे आभार मान." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात प्रभूने दाखवलेला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक माणूस, नेमकी हीच प्रार्थना करतो. मंदिरात उभा राहून तो देवाचे आभारच मानतो, आणि मानतो ते कशाबद्दल, तर मी इतरांसारखा नाही, त्या जकातदारासारखा नाही, म्हणून. सुरुवात आभाराने, सगळी नजर शेजाऱ्यावर. आणि तो नीतिमान ठरून घरी जात नाही. शेजाऱ्याच्या दुःखावर उभं राहून मानलेले आभार देवापर्यंत पोचत असतील, असं मला वाटत नाही. शेजाऱ्याचं घर पडलं आणि आपलं राहिलं, तर आधी त्याच्या घरी जावं. आभाराची प्रार्थना तिथून परतल्यावरही करता येते, आणि तेव्हा ती निराळी होते.

हे मी ठासून लिहिते त्याला कारण आहे. माझा धाकटा भाऊ 2021 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. भेटायला येणाऱ्यांपैकी काही जण म्हणाले, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा असं वचन आहे, देवाचे आभार माना, निदान त्याची मुलं तरी वाचली. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं ते वचन मलाही पाठ आहे. पण त्या आठवड्यात ते ऐकताना कुणीतरी तोंडावर हात ठेवून आमचं रडणं बंद करतंय असं वाटायचं. आमच्या घरी तेव्हा वयस्क पाळकसाहेब आले होते. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय वाचला, येशूने मेलेल्या लाजराला कबरेतून उठवलं तो.

तो अध्याय मी संडे स्कूलमध्ये कितीदा शिकवला होता. पण पाळकसाहेबांनी वाचला तेव्हा दोन गोष्टी पहिल्यांदा जवळजवळ उभ्या दिसल्या. येशू मित्राच्या कबरेकडे जाताना रडला. आणि थोड्याच वेळाने, त्याच कबरेपाशी, वर पाहून म्हणाला, बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो. डोळे पुसून, सावरून, घरी जाऊन, दुसऱ्या दिवशी म्हणाला असं नाही. अश्रू आणि आभार एकाच जागी, एकाच चेहऱ्यावर. लाजर अजून बाहेर आलेला नव्हता. लाजराच्या बहिणी मरीया आणि मार्था, दोघींनीही "प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता" असं त्याला तोंडावर म्हटलं होतं, आणि तो त्यांच्यावर रागावला नव्हता. भावासाठी रडणाऱ्या त्या बहिणी मला त्या दिवसापासून फार जवळच्या झाल्या. त्या रात्री मी प्रार्थनेत भावाच्या जाण्याबद्दल आभार मानले नाहीत. आजही मानत नाही. भावाबद्दल मानले. त्याच्या पेटीवादनाबद्दल, नाताळच्या भजनांत तो वरची पट्टी धरून आम्हा सगळ्यांना दमवायचा त्याबद्दल, लहानपणी मला सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचा त्याबद्दल. एकेक नाव घेत गेले, रडत गेले. दोन्ही चालू राहिलं.

सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड सोडल्यावर केडगाव येतं. गाडी बहुतेक वेळा न थांबताच पुढे जाते, पण मी खिडकीतून बघतेच. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. रमाबाईंनी दुष्काळातल्या भटकंतीत आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. त्याच बाईने पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, आजारी मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांना घर दिलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचं मराठी भाषांतर केलं, मिशनच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी त्याचे खिळे जुळवले. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई. त्यांचं आयुष्य सुखाचं होतं म्हणून त्या कृतज्ञ होत्या असं कोण म्हणेल? ज्या दुष्काळाने त्यांचं घर खाल्लं, त्याच दुष्काळात सापडलेल्या दुसऱ्यांच्या मुलींना त्यांनी जेवू घातलं. वाचलेलं आयुष्य असं खर्च करणं, हे मी ऐकलेल्या कुठल्याही साक्षीपेक्षा मोठं आहे.

कृतज्ञता हातांतून कशी दिसते ते मी मोहोळ तालुक्यातल्या एका खेड्यात पाहिलं. माझ्या मोठ्या नणंदेचं सासर तिथलं. तिथल्या लहानशा मंडळीत ज्वारीची रास झाली की कापणीचा सण करतात. आमच्या भागातली ज्वारी रब्बीची. हस्ताचा पाऊस जमिनीत मुरतो, त्या ओलीवर पेरणी होते, आणि मग सगळं पीक काळ्या मातीतल्या ओलाव्यावर, थंडीवर आणि दवावर येतं. वरून पाऊस जवळजवळ नाहीच. मालदांडी ज्वारीचं ताट पुरुषभर उंच वाढतं ते असं. काढणीला ते मुळासकट उपटायचं असतं. दोन-तीन दिवसांत तळहात सोलून निघतात.

सणाच्या दिवशी वेदीपुढे सगळं मांडलेलं असतं. कणसांच्या पेंढ्या, हरभऱ्याचे डहाळे, भोपळे, लिंबं, डाळिंबं, गुळाची ढेप, टोपलीत अंडी, आणि पाय बांधलेला एक कोंबडा, जो उपदेश चालू असताना दोनदा तरी आरवतो. उपासना झाली की अंगणात लिलाव. एक वार, दोन वार. नारळ घेणारा पैसे भरतो आणि नारळ परत लिलावाला देतो, तोच नारळ तीन-तीनदा विकला जातो. पोरं टाळ्या पिटतात. ज्याची शेती नाही तो खिशातून देतो, ज्याच्या खिशात नाही तो शेतातलं देतो.

त्या वर्षी एका मावशींनी कणसांची एक मूठभर जुडी आणली होती. मावशींना शेत नाही. दुसऱ्याच्या रानात रोजाने ज्वारी उपटून झाल्यावर मागे पडलेली कणसं, म्हणजे सरवा, त्यांनी वेचला होता. त्यातून घरापुरतं ठेवून उरलेलं त्या देवाला घेऊन आल्या होत्या. जुडी सुतळीने नाही, लुगड्याच्या काठाच्या चिंधीने बांधलेली. कणसं एकसारखी नव्हती, एखादं भरलेलं, एखादं किडकं, एखादं पाखरांनी अर्धं टिपलेलं. त्यांचे तळहात मी पाहिले. फोड फुटून वाळले होते आणि चिरांमध्ये काळी माती बसली होती. जुडी लिलावाला आली तेव्हा बोली चढत गेली आणि शेवटी ज्यांच्या रानात मावशींनी सरवा वेचला होता, त्या शेतकऱ्यानेच ती घेतली. घेतल्यावर त्याने ती मावशींच्या हातात परत दिली नाही. तसं केलं असतं तर ते दान त्यांचं राहिलं नसतं. घरी नेऊन पुढच्या पेरणीच्या बियाण्यात मिसळीन, असं म्हणाला. मावशी पदर सावरत नुसत्या हसल्या. सगळ्या सणात एवढं भारी मला दुसरं काही वाटलं नाही.

बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात सणांचे नियम आहेत. हंगामाची पहिली पेंढी देवाला कशी आणायची, भाकरी कोणत्या, अर्पणं कोणती. आणि त्या नियमांच्या मधेच एक वाक्य येतं, शेताच्या कोनाकोपऱ्यातलं सगळं कापू नका, सरवा वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. देवाला पेंढी वाहायची तर माणसासाठी बांधाकडेचं पीक उभं ठेवायचं. रूथ अशाच सरव्यावर जगली, आणि तिच्या वंशात पुढे दावीद झाला. मी शहरात राहते, मला शेत नाही. पण माझ्या भाकरीमागे कुणाचे तरी सोललेले तळहात आहेत, माझ्या टॉवेलमागे यंत्रमागाच्या खडखडाटात रात्रपाळी करणारा कुणीतरी आहे, माझ्या अंगणामागे पहाटे झाडणारी बाई आहे. देवाचे आभार मानून मग भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणं मला आता जमत नाही. प्रार्थनेत त्यांची नावं घ्यायला लागल्यापासून तर नाहीच.

बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 26 वा अध्याय मी अलीकडे संडे स्कूलमध्ये घेतला. पहिल्या उपजाची टोपली घेऊन माणूस याजकापुढे जातो. तिथे त्याने काय बोलायचं ते ठरवून दिलेलं आहे. माझं पीक चांगलं आलं, असं त्याने म्हणायचं नाही. त्याने सुरुवात करायची आपल्या मूळ पुरुषापासून, जो भटकणारा अरामी होता. मग मिसरातली गुलामगिरी, हाका, सुटका, आणि शेवटी ही टोपली. म्हणजे आपल्या घराण्याची गरिबी देवासमोर उघडपणे सांगायची आणि तिथून इथवर कोणी आणलं ते सांगायचं. त्यानंतर टोपलीतल्या सगळ्याचा आनंद करायचा, मंदिराची सेवा करणारा लेवी आणि परका यांना सोबत घेऊन.

मुलांना म्हटलं, आपलीही अशी टोपली भरू. घरी आजी-आजोबांना विचारा, आपण इथवर कसे आलो, आणि लिहून आणा. मी आधी माझी वाचून दाखवली. माझी आजी 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी घशाखाली उतरत नसत. मुलं तोंड वाकडं करायची आणि आजी म्हणायची, आधी प्रार्थना, मग तोंड वाकडं. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते यंत्रमागावर गेले, आणि पगाराच्या दिवशी दशमांश, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्सा, बाजूला काढल्याशिवाय घरात सामान आलं नाही. त्यांनी मला शिकवलं आणि मी आज तुम्हाला शिकवते.

पुढच्या रविवारी मुलं वह्या घेऊन आली. एकाचे पणजोबा तेलंगणातून हातमागावर विणायला आलेले, चालत आणि बैलगाडीने. एकीच्या पणजीला मिशनच्या शाळेत अक्षरओळख झाली, घराण्यातली ती पहिली शिकलेली बाई. एकीची आजी अजून टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करते. तिने लिहिलं होतं, "आजीच्या चष्म्यासाठी देवाचे आभार, कारण आता तिच्या बोटाला सुई लागत नाही." एक मुलगा वही न घेता आला. म्हणाला, "टीचर, पप्पांना विचारलं तर ते रडायला लागले. मी पुन्हा विचारलं नाही." मी त्याला म्हटलं, घाई नाही, ते सांगतील तेव्हा लिही. तो म्हणाला, मग रात्री त्यांनी स्वतःच सांगितलं, पण खूप मोठं आहे, लिहायला मदत लागेल.

आम्ही दोघांनी उपासनेनंतर बसून ते लिहायला घेतलं आहे. निम्मं झालंय. महिला मंडळातल्या बायकांनी ते ऐकलं आणि आता त्यांनाही लिहायचं आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मुलं लिहून घेणार आहेत.